धनुष्याचा दांडा : तोडणे, वाळवणे, तासणे आणि मोडणे

मोडायच्या अगदी अलीकडे थांबलेल्या काठीला धनुष्य म्हणतात. काठी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. नेम धरणाऱ्याकडे असते ते धनुष्याचे पोट, सावजाकडे असते ती पाठ. माणसाची पाठ कुरकुरली तर मलम मिळते. धनुष्याची कुरकुरली तर पुढच्या क्षणी दोन तुकडे मिळतात. दोरी, बाण, नेम, वीरश्री हे सगळे नंतरचे. आधी हवा पाच-साडेपाच फुटांचा दांडा : सरळ, बिनगाठीचा, चिवट आणि वाळलेला. हे चार गुण वेगवेगळ्या चार लाकडांत सहज सापडतात. महाराष्ट्रात धनुष्यबाण नेमका कोणाचा, यावर निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खल झाला. त्यातले लाकूड कोणत्या झाडाचे, हा प्रश्न मात्र कोणाला पडल्याचे दिसले नाही.

नांदेड जिल्ह्यातले धर्माबाद लाल मिरचीसाठी ओळखले जाते, धनुष्यासाठी नाही. तरी या गावाला कमान अगदीच परकी नव्हती. भोवतालचा मुलूख कापसाचा, त्यामुळे थंडीच्या तोंडावर पिंजारी खांद्यावर भलीमोठी धनुकली टाकून गल्लीत यायचा. तिला आतड्याची तात लावलेली असे, आणि तातीवर लाकडी मुठा आपटला की जो टणत्कार उठे त्याने गादीतला कापूस आणि घरातल्यांची दुपारची झोप दोन्ही एकदम पिंजून निघत. ही धनुकली वाकत मात्र नसे. तिचे सगळे शौर्य आवाजात. दुसरी कमान सुताराची. तिच्या दोरीत सामता अडकवून ती पुढेमागे ओढली की लाकडाला भोक पडे, आणि बघत उभ्या राहिलेल्या पोराला आपणही सुतार व्हावे असे साधारण दहा मिनिटे वाटत राही. तिसरे धनुष्य खुद्द पोरांचे : तुराटीचे, सुतळी बांधलेले, बाण म्हणून खराट्याचा हीर. १९८७-८८ साली दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण संपले की अंगणातल्या तुराट्यांच्या गंजीला हात लागे. वाळलेली तुराटी ताठ दिसते, पण वाकवली की पापडासारखी मोडते. युद्ध त्यामुळे पहिल्याच बाणाला संपे आणि उरलेला रविवार एकमेकांवर आरोप करण्यात जाई.

खरा तीरकमठा पाहायचा तर किनवट-माहूरच्या डोंगराकडे, गोंड-कोलामांच्या वस्त्यांकडे वळावे लागते. नाहीतर थेट सातपुड्यात, भिल्लांकडे. भिल्लांच्या कमठ्याचा दांडा बांबूचा असतो आणि दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. कौटिल्याला हे ठाऊक होते. अर्थशास्त्रात त्याने धनुष्ये चार वस्तूंची सांगितली आहेत : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग, आणि दोऱ्यांच्या यादीत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर बांबूही ठेवला आहे. ताडापासून धनुष्य होते ही बातमी मराठवाडा-तेलंगणाच्या सीमेवर नवी वाटण्याजोगी आहे. तिथे ताडापासून जे काढतात, त्याने उभा माणूसच धनुष्यासारखा वाकतो.

लाकूड निवडायला निघाले की गावातले एकेक झाड आपापल्या परीने नापास होत जाते. सागाला मान मोठा, पण तो दाराचौकटीत शोभतो. वाकण्यापेक्षा तुटलेले बरे, असा त्याचा देशमुखी बाणा. बाभूळ चिवट. तिच्या नाराने पिढ्यान्‌पिढ्या औते आणि गाड्यांची चाके पेलली. पण सहा फूट सरळ बाभूळ आणि बांधावरून न भांडलेला शेजारी या दोन्ही ऐकीव गोष्टी. कडुनिंबाचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात; त्याला पाचर मारली तर ती कुठल्या बाजूने बाहेर पडेल हे पाचरीलाही माहीत नसते. चिंच इतकी कठीण की खाटकाने ठोकळा करावा आणि बाकीच्यांनी नाद सोडावा. निर्मळची प्रसिद्ध खेळणी ज्या पोनिकीच्या लाकडातून घडतात ते मऊ आणि हलके असते. त्यातून राम घडतो, त्याचे धनुष्य नाही.

पास होते ते मुख्यतः धामण. पानझडी जंगलातले हे झाड, लाकूड लवचीक आणि दणकट. कुऱ्हाडीच्या दांड्याला ते जुनेजाणते लोक डोळे झाकून घेतात. संस्कृतात याला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्षही म्हणतात, म्हणजे झाडाचे बारसे झाले तेव्हाच त्याची नोकरी ठरलेली होती. अमेरिकेत फ्रेंच लोकांनीही तिथल्या एका काटेरी झाडाला सरळ 'धनुष्याचे लाकूड' असेच नाव दिले, तेव्हा ही खोड जगभरची दिसते. अडचण एवढीच, की मराठीत धामण हे एका सापाचेही नाव आहे. तोही लांब, तोही लवचीक. 'रानातून चांगली सहा फुटी धामण घेऊन ये' असा निरोप पोरासोरांबरोबर पाठवू नये. निरोप शब्दशः पाळणारे लोक प्रत्येक गावात असतात.

चांगल्या दांड्याची टंचाई ही काही मराठवाड्याची मक्तेदारी नव्हे. इंग्लंडचे सगळे युद्धशास्त्र एकेकाळी यू नावाच्या झाडावर उभे होते, आणि त्या देशातले यू पुरेना. म्हणून १४७२ साली तिथे कायदाच झाला : बंदरात माल घेऊन येणाऱ्या परदेशी जहाजाने दर टनामागे धनुष्याचे चार दांडे आणलेच पाहिजेत. जकात रोखीत नाही, काठ्यांत. धर्माबादच्या बाजारात उद्या असा नियम निघाला तर मिरचीच्या गाडीतून दांडे उतरतीलही. पण पहिल्या आठवड्यात धामण येईल, दुसऱ्या आठवड्यापासून सुबाभूळ, आणि महिनाभरात तुराट्या.

या सगळ्या झाडांत सामान्य माणसाच्या आवाक्यातला उमेदवार एकच, बांबू. त्यातही मानवेल उत्तम. कोरड्या उतारावर वाढलेल्या मानवेलीचा पोकळपणा जवळजवळ बुजलेला असतो, त्यामुळे पोलिसाची लाठी आणि भिल्लाचा कमठा या दोन्ही पदांसाठी ती पात्र ठरते. बांबूचे बळ त्याच्या हिरव्या सालीलगत दाटलेले असते. म्हणून साल धनुष्याच्या पाठीकडे येऊ द्यायची आणि तिला हत्यार लावायचे नाही. एके काळी हत्यार लावण्याआधी कायदा बघावा लागे. बांबू हे वनस्पतिशास्त्रात गवत. पण १९२७च्या वन कायद्यात त्याची गणना झाडांत केलेली होती, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचे गवत कापून गावाबाहेर न्यायलाही कागदपत्रे लागत. २०१७ साली कायदा बदलला आणि रानाबाहेर लावलेला बांबू नव्वद वर्षांनी पुन्हा गवत झाला.

दांडा तोडायचा तो थंडीत, झाडाचा रस मंदावलेला असताना. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत साखर-पिठाचा अंश जास्त असतो आणि पोखरणाऱ्या किड्यांना त्याचा वास लागतो. जुने लोक अंधाऱ्या पंधरवड्यातच बांबू तोडत. चांदण्यात तोडला तर किडतो म्हणत. यातला चंद्राचा हात किती यावर वाद होऊ शकतो, पण अंधाऱ्या पंधरवड्यात तोडणाऱ्याला शेजारच्या बांधावरचा बांबूही निवांत बघता येतो, हा फायदा निर्विवाद आहे.

तोडलेल्या ओंडक्यावर करवत चालवायची नाही. करवत सरळ जाते, लाकडाचे धागे जातात मनाला येईल तसे. करवतीने कापलेल्या दांड्यात धागे मधेच तुटतात आणि धनुष्य नेमके तिथेच जीव सोडते. म्हणून पाचर. ओंडक्याच्या तोंडाशी लोखंडी पाचर ठेवून घण घालायचा, चीर पुढे सरकली की तिच्यात दुसरी, मग तिसरी. चीर धाग्याच्या वाटेने जाते आणि लाकडाची खरी चाल उघडी पडते. बाहेरून खांबासारखे सरळ दिसणारे झाड आतून पीळ घालून बसलेले असले तर ते इथे कळते. मराठीत पाचर मारण्याला चांगला अर्थ नाही. जमत आलेल्या सोयरिकीत, ठरत आलेल्या सौद्यात पाचर मारणारे लोक सर्वांच्या परिचयाचे असतात. विधायक कामासाठी पाचर मारण्याची ही बहुधा एकमेव जागा.

इथवरचे काम एका दिवसाचे. पुढचे वर्षाचे, कारण आता वाळवण. धर्माबादचा माणूस हसतो तो इथे. ज्या गावात लाल मिरचीचे गालिचे उन्हात पसरतात, त्या गावाला वाळवणे शिकवायचे म्हणजे फारच झाले. पण मिरचीचे शास्त्र दांड्याला लावले की दांडा संपतो. ओल्या लाकडातले पाणी सगळ्यांत भरभर बाहेर पडते ते दोन्ही टोकांच्या उघड्या तोंडांतून, बाकी अंगाच्या मानाने दहापट किंवा त्याहूनही वेगाने. टोके आक्रसतात, मधला भाग अजून ओलाच असतो, आणि या घरगुती मतभेदातून तडा जातो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे सरकलेला असताना ओला दांडा पत्र्यावर टाकला, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या टोकाला इतक्या भेगा पडतात की धनुष्याऐवजी दातवणच निघावे. तेव्हा तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण, डिंक नाहीतर घरात उरलेला ऑइलपेंट फासायचा, साल काढायची (बांबूची सोडून) आणि दांडा सावलीत, जमिनीपासून वर, हवा खेळेल असा आडवा ठेवायचा. माळवदाखालची अंधारी खोली यासाठी नामी. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा ढोबळ हिशेब.

वाळला की नाही हे ओळखण्यासाठी डोळा, नख, जीभ, अनुभव या सगळ्यांपेक्षा तराजू बरा. दर आठवड्याला दांडा तोलायचा आणि वजन भिंतीवर लिहून ठेवायचे. ज्या महिन्यात वजन घटायचे थांबले, त्या महिन्यात दांडा वाळला. मिरचीच्या व्यापाऱ्याला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. घट हा त्याच्या आयुष्याचा विषय. अति वाळलेली मिरची हाताळताना तुटते, अति वाळलेले लाकूड ओढताना तुटते, तेव्हा धनुष्याच्या दांड्यात दहा टक्क्यांच्या आसपास ओल राहू द्यावी लागते. मात्र वजन भरावे म्हणून पाणी मारायची युक्ती इथे चालत नाही. इथे विकणारा आणि घेणारा एकच असतो.

वाळवणातला सगळ्यांत मोठा धोका ऊन नव्हे, किडाही नव्हे. माणसे. वाळत ठेवलेला दांडा ही मराठवाड्यातल्या घरात सार्वजनिक मालमत्ता असते. पहिल्या महिन्यात त्याने चिंचा पाडल्या जातात. दुसऱ्या महिन्यात त्यावर गोधडी वाळत पडते. मग एका रात्री तो मागच्या दाराला अडसर होतो, एका दुपारी विहिरीत पडलेली बादली काढतो, आणि कधीतरी खरीखुरी धामण घरात शिरते तेव्हा तिच्या समाचाराला लाकडी धामणच धावून जाते. जाब विचारला तर उत्तर ठरलेले : "नुसताच पडला होता की वो." वर्षभराने दांडा हातात येतो तेव्हा तो वाळलेला असतो, अनुभवी असतो आणि एक वीत आखूड असतो.

यानंतर आखणी. दांड्याच्या मधोमध गेरूत बुडवलेले सूत मारायचे, मूठ मध्यावर सोडायची, आणि मुठीपासून टोकांकडे रुंदी-जाडी उतरवत वाकसाने तासत जायचे. नियम एकच, पण तो प्राणावर बेतणारा : पाठीला हत्यार लावायचे नाही. लाकडाच्या पाठीवर वाढीचे एक कडे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहिले पाहिजे. जे काही काढायचे ते पोटातून. गाठ आली तर तिला वळसा घालून जायचे, तालुक्याच्या कचेरीत जातात तसे. मूठ करायला घेतलेला दांडा ओट्यावर आला की प्रेक्षक जमतात. "हे काय करायलाव?" हा पहिला प्रश्न. धनुष्य, असे खरे उत्तर दिल्यास दुसरा प्रश्न, "नाटक बसवायलाव का?" तिसरा प्रश्न येत नाही, सल्ले सुरू होतात. सल्ला देणाऱ्याने आयुष्यात कधी लाकूड तासलेले नसते, पण त्याच्या आजोबांच्या ओळखीतल्या कोणीतरी तासलेले असते.

तासायचे काम हाती घेऊन न संपवण्याची परंपरा मात्र जागतिक आहे. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचे शव सापडले. जगाने त्याला ओत्झी नाव दिले. त्याच्याजवळ यू लाकडाचा १.८२ मीटरचा धनुष्याचा दांडा होता. अर्धवट तासलेला. भात्यात चौदा बाण, त्यातले दोनच तयार. स्वतः ओत्झी मेला तो खांद्यात घुसलेल्या बाणाने, म्हणजे समोरच्याने आपले काम वेळेत उरकले होते. सुताराकडे चौकट टाकून सहा महिने चकरा मारणाऱ्या गिऱ्हाइकाला ओत्झीची हकीकत जरूर सांगावी. सहा महिने म्हणजे काहीच नव्हेत असे वाटू लागते.

तासलेला दांडा वाकू लागला म्हणजे धनुष्य झाले असे नाही. त्याचे दोन्ही बाहू सारखे वाकले पाहिजेत, आणि या एका वाक्यात या विद्येतले निम्मे रडणे आहे. भिंतीतल्या भक्कम खुंटीवर मूठ टेकवायची, दोरी कप्पीवरून घेऊन लांबून ओढायची आणि कमान न्याहाळायची. डावा बाहू ताठ दिसतो. त्याच्या पोटाची चार सालपटे काढायची. आता उजवा ताठ दिसतो. त्याची चार काढायची. लोण्याची वाटणी करणारे माकड आणि दोन मांजरे ही गोष्ट ज्याला लहानपणी खोटी वाटली असेल, त्याने एकदा धनुष्य समतोल करून पाहावे. गणितही माणसाच्या विरुद्ध असते. रुंदी निम्मी केली तर बाहूचा ताठपणा निम्मा होतो, पण जाडी निम्मी केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे पोटावरून कानस जरा जास्त फिरली की ओढायला पन्नास पौंड जोर लागणारे धनुष्य पस्तिसाचे होते, पस्तिसाचे पंचविसाचे, आणि शेवटी ज्या पोरांनी तुराट्या मोडल्या त्यांच्यातल्या धाकट्याला ते वाढदिवसाला देऊन टाकावे लागते. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी जहाजाच्या सांगाड्यातून शंभराहून अधिक धनुष्ये निघाली. त्यांतली बरीच ओढायला शंभर पौंडांहून जास्त जोर लागत असावा असा अंदाज आहे. ती घडवणाऱ्यांना कुठे थांबायचे ते कळत होते, एवढेच म्हणता येईल.

दर खरवडीनंतर धनुष्य वीस-तीस वेळा हलके ओढून सोडायचे. लाकडाला बातमी उशिरा कळते. आता काढलेल्या सालपटाचा परिणाम तीस ओढींनंतर दिसतो. आणि चाळीस पौंडांचे धनुष्य करायचे असेल तर घडणीच्या काळात चाळीस पौंडांपलीकडे ते एकदाही ओढायचे नाही. गंमत म्हणून नाही आणि पाहुण्याला दाखवायला तर नाहीच. पाहुणा बाण न लावता दोरी ताणतो आणि सोडून देतो. बाणाबरोबर जायचा जोर मग लाकडातच उलटा फिरतो आणि धनुष्य फाटते.

मोडण्याचा विषय निघाला म्हणजे मिथिलेला जावेच लागते. वाल्मीकींच्या सांगण्यानुसार जनकाघरचे शिवधनुष्य आठ चाकांच्या लोखंडी पेटीत होते, पेटी ओढायला पाच हजार माणसे लागली, आणि पूर्वज देवरातापासून ते त्या घराण्यात ठेव म्हणून सांभाळलेले होते. त्याला गंध आणि अगुरूचा धूप नित्य मिळत होता. तेलाचा उल्लेख नाही. श्रीरामांच्या बळाला यामुळे तसूभरही उणेपणा येत नाही. प्रश्न आहे तो मिथिलेच्या कोठीवाल्याचा.

समतोल साधला की उरते अंगावरची सफाई. कानशीचे ओरखडे काचेच्या तुकड्याने खरवडून काढतात, मग खरखरीत ते गुळगुळीत अशा क्रमाने पॉलिशपेपर, शेवटी बाटलीचे बूड नाहीतर हाड घासून चकाकी. तेल द्यायला लातूर-नांदेडच्या माणसाला लांब जायला नको. जवसाचे तेल उकळून दिले की हवेने सुकून त्याचा पातळ थर बनतो, आणि करडईचे तेलही याच जातीचे आहे, जरा आळशी. वरून लाखेचा हात, त्यावर मेण. दर हाताला एक दिवस सुकू द्यायचे. खोबरेल लावू नये. ते कधीच सुकत नाही, धनुष्य हातातून सटकते आणि उंदरांना आवडते. २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे विश्वविजेते झाले ते कंपाउंड धनुष्यावर. ॲल्युमिनियम, कार्बन आणि चाकांच्या त्या यंत्राला ना जवस लागते ना अंधारा पंधरवडा. घरातले लोक त्याने चिंचाही पाडत नाहीत, कारण त्याची किंमत त्यांना माहीत असते.

लाकडी धनुष्य वापरून झाले की दोरी लगेच उतरवावी; ताणलेले ठेवले तर ते वाकलेलेच राहायला शिकते. भिंतीला टेकवून उभे करू नये. दोन खुंट्यांवर आडवे, चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावे, वर्षातून एकदा तेलाचा हात द्यावा, आणि खोलीला कुलूप घालावे. चिंचा फेब्रुवारीत पिकतात.